नाण्याच्या पाठीवरचं खजुराचं झाड : रोमन नाण्यांची मागची बाजू कशी वाचावी?

मागच्या व्याख्यानात आपण रोमन नाण्याची चेहऱ्याची बाजू पाहिली. सम्राटाचं डोकं, त्यावर पानांचा मुकुट, भोवताली पदव्यांची गर्दी. आज नाणं उलटं करायचं. लहानपणी 'छापा की काटा' म्हणून आपण नाणं उडवायचो, त्यातली ही काट्याची बाजू. पुस्तकांत तिला पृष्ठभाग म्हणतात. आम्ही आज सरळ 'पाठ' म्हणणार आहोत.

आज आम्ही नाण्यांची यादी देणार नाही. याद्या मोठमोठ्या कॅटलॉगांत आहेत आणि त्या उत्तम आहेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. पाठीवरचं चित्र आपण 'वाचतो' असं म्हणतो, तेव्हा नेमकं काय करतो? आणि ते वाचन चुकतं कुठे? यासाठी आम्ही एकच चित्र निवडलं आहे, खजुराचं झाड. पण झाडापर्यंत पोचायच्या आधी थोडी तयारी करावी लागेल.

मुळाक्षरं

रोमन नाण्याच्या पाठीवर बहुतेक वेळा एक बाई उभी असते किंवा बसलेली असते. ती कोणी राणी नसते. ती एक कल्पना असते. हातात ऑलिव्हची फांदी असेल तर पाक्स, म्हणजे शांतता. सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर फॉर्तूना, म्हणजे नशीब. सापाला खाऊ घालत असेल तर सालूस, म्हणजे आरोग्य, क्षेम. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्र किंचित उचललेलं असेल तर स्पेस, म्हणजे आशा. धान्याची कणसं, शेजारी धान्याचं माप आणि मागे जहाजाचं टोक असेल तर ती आन्नोना, रोम शहराचा धान्यपुरवठा.

आपल्याला ही पद्धत अजिबात परकी नाही. वीणा दिसली की सरस्वती, उंदीर दिसला की गणपती, हे आपण मूर्तीखालचं नाव न वाचता ओळखतो. त्यामुळे मराठी माणसाला रोमन नाण्याची मुळाक्षरं फार लवकर येतात, असा आमचा अनुभव आहे. आणि नेमकी तिथेच फसगत होते. मुळाक्षरं आली म्हणजे मजकूर कळला असं वाटायला लागतं.

एक साधं उदाहरण घेऊ. तराजू आणि भरलेलं शिंग घेतलेली एक बाई आहे. ती एक्वितास असते, म्हणजे न्याय्य वागणूक, समतोल. पण अगदी तशीच, तोच तराजू आणि तेच शिंग घेतलेली दुसरी बाई आहे मोनेता, म्हणजे खुद्द टांकसाळ. दोघींना शेजारी ठेवलं तर फरक सांगता येत नाही. फरक फक्त भोवतालच्या अक्षरांत आहे. म्हणजे चित्रांचा शब्दकोश पाठ केला तरी ही दोन नाणी वेगळी करता येत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वाचण्याच्या तीन सवयी

रोमन नाण्याच्या पाठीवर जे लिहिलं गेलं, त्यात आम्हाला तीन सवयी दिसतात.

पहिली सवय म्हणजे नाण्याला वर्तमानपत्र समजणं. काहीतरी घडलं आणि ते नाण्यावर आलं. याला आधार आहे, नाही असं नाही. तितुसच्या नाण्यावर ८० सालच्या सुमारास नुकतंच खुलं झालेलं कोलोसियम आहे. नेरोच्या नाण्यावर ओस्तियाचं बंदर आहे, वरून पाहावं तसं, जहाजांसकट. पण त्याच नेरोचं आणखी एक नाणं बघा. त्याच्या पाठीवर जानुसच्या देवळाची बंद दारं आहेत. रोमन राज्यात कुठेही युद्ध नसेल तेव्हाच ही दारं बंद करायची, असा प्रघात होता. भोवतालची अक्षरं सांगतात की रोमन जनतेसाठी जमिनीवर आणि समुद्रावर शांतता मिळवली आणि जानुसचं दार लावलं. हा प्रकार ६० च्या दशकाच्या मध्यावर पाडला गेला. आणि ६६ साली यहूदियात बंड पेटलं. दारं बंद असल्याची नाणी लोकांच्या हातात असताना तिकडे फौजा निघाल्या होत्या. वर्तमानपत्र म्हणून हे नाणं वाचलं, तर आपण अर्धीच बातमी वाचतो.

दुसरी सवय उलटी आहे. 'जे नाही, तेच नाण्यावर लिहितात.' ही सवय जास्त हुशार वाटते, म्हणून जास्त धोक्याची आहे. तिचं लाडकं वर्ष ६९. नेरो गेला आणि एका वर्षात चार सम्राट झाले. ओथो जेमतेम तीन महिने टिकला. जानेवारीत आला, एप्रिलमध्ये लढाई हरून आत्महत्या केली. त्याच्या नाण्यावर काय आहे? पाक्स ओर्बिस तेर्रारुम, साऱ्या जगाची शांतता! त्याच्या पाठोपाठ वितेल्लियुस आला. त्याच्या नाण्यावर एकमेकांत घेतलेले दोन हात आणि 'सैन्यांची निष्ठा' अशी अक्षरं. त्या वर्षी सैन्य कोणाशीच निष्ठावान नव्हतं.

उदाहरणं खरी आहेत. हसूही येतं. पण यातून नियम केला की गडबड होते. ओथोनंतर काही महिन्यांत वेस्पासियन आला आणि त्याच्याही नाण्यावर पाक्स आली. त्याच्या काळात यादवी खरोखर थांबली होती आणि ७५ साली त्याने रोममध्ये शांततेचं देऊळ उभं केलं. आता 'शांतता लिहिली म्हणजे शांतता नव्हती' हा नियम इथे लावायचा का? तीच बाई, तीच फांदी. ओथोच्या नाण्यावर ती मागणी आहे, वेस्पासियनच्या नाण्यावर ती मिळकतीचा दावा आहे. ज्या नियमाला कोणताही पुरावा खोटा पाडू शकत नाही, तो नियम वाचनाला मदत करत नाही. तो फक्त वाचणाऱ्याला शहाणं असल्याचा आनंद देतो.

तिसरी सवय म्हणजे पाठीकडे दुर्लक्ष करणं. ए. एच. एम. जोन्स या मोठ्या इतिहासकाराने १९५६ साली नाणेशास्त्रज्ञांना चांगलंच टोचलं. त्याने पोस्टाच्या तिकिटांचा दाखला दिला. तिकिटावरच्या चित्रावरून कोणी आधुनिक देशाचं राजकारण लिहीत नाही, मग नाण्यावरून रोमचं का लिहायचं? १९५९ साली सी. एच. व्ही. सदरलँडने उत्तर दिलं की ही चित्रं लोकांना समजत होती आणि समजावीत म्हणूनच काढली होती. १९८२ साली बार्बरा लेव्हिकने तिसराच रस्ता दाखवला. तिचं म्हणणं, ही चित्रं जनतेसाठी नसून खुद्द सम्राटासाठी होती. टांकसाळीतल्या माणसांनी मालकाला केलेला तो मुजरा होता.

जोन्सचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आत्ता या सभागृहात बसलेल्यांनी खिशात हात न घालता सांगावं, तुमच्याकडच्या नाण्यांच्या पाठीवर कोणकोणती चित्रं आहेत? बघा, शांतता पसरली. प्राचीन पुरावाही थोडा जोन्सच्या बाजूने आहे. एपिक्टेटस विचारतो, या नाण्यावर कोणाचा छाप आहे? त्राजानचा असेल तर आण, नेरोचा असेल तर फेकून दे. बायबलमधला प्रसिद्ध प्रश्न, 'हा मुखवटा आणि हा लेख कोणाचा?', तोही चेहऱ्याबद्दलच आहे. लोक चेहरा बघत होते.

पण पाठ कोणी बघतच नव्हतं, हेही खरं नाही. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने फिरत्या छावणीत एक नाणं पाडलं. दोन खंजीर, मध्ये गुलामाला मुक्त करताना घालायची टोपी, खाली खुनाची तारीख. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारा कास्सियुस दिओ या नाण्याचं वर्णन करतो, म्हणजे अडीचशे वर्षं झाल्यावरही त्याची आठवण शिल्लक होती. सुएतोनियसला ऑगस्टसचा मकरराशीचा शिक्का ठाऊक होता. म्हणजे काही पाठी वाचल्या जात होत्या, काही नाही. मग प्रश्न असा होतो: कोणती पाठ, कोणासाठी, कशी? आता झाडाकडे वळू.

झाड

पडद्यावर जे दिसतं आहे ते वेस्पासियनचं ७१ सालचं पितळी नाणं, सेस्टर्शियस. चांगलं मोठं, तळहातावर जड लागणारं. मधोमध खजुराचं झाड. झाडाच्या एका बाजूला जमिनीवर बसलेली बाई, डोकं हातावर टेकलेलं. दुसऱ्या बाजूला, या प्रकारात, स्वतः सम्राट लष्करी वेशात, हातात भाला, एक पाय शिरस्त्राणावर. दुसऱ्या एका प्रकारात सम्राटाच्या जागी हात मागे बांधलेला कैदी आहे. भोवती अक्षरं: यूदाएआ काप्ता. यहूदिया काबीज झाली.

आधी ओळख करून घेऊ. खजूर का? कारण रोमन माणसाला यहूदिया म्हटलं की खजूर आठवायचा. थोरला प्लिनी, जो याच फ्लावियन घराण्याच्या चाकरीत होता आणि ज्याने आपला ग्रंथ तितुसला अर्पण केला, तो म्हणतो की यहूदियाची कीर्ती तिच्या खजुरांनी आहे. म्हणजे झाड ही जागेची खूण झाली. बाई म्हणजे तो देश. शस्त्रं म्हणजे युद्ध. कॅटलॉगातली ओळ इथे संपते: 'शोकाकुल यहूदिया, खजुराखाली, उजवीकडे.' आम्हीही कित्येक वर्षं ही ओळ वाचून पान उलटत होतो.

पण 'काप्ता' या शब्दावर थांबायला हवं होतं. ऑगस्टसने इजिप्त घेतलं तेव्हा मगरीचं चित्र आणि 'इजिप्त काबीज झालं' अशी नाणी पाडली. ते बरोबर होतं. इजिप्त आधी रोमचं नव्हतं, नंतर झालं. पुढे त्राजानने अरबस्तानचा भाग राज्याला जोडला, तेव्हा नाण्यावर 'काबीज' असा शब्द नाही. 'मिळवलं' असा शब्द आहे. म्हणजे हे शब्द रोमन लोक तोलून वापरत होते. आणि यहूदिया? ती इ.स. ६ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, रोमन अधिकाऱ्याच्याच ताब्यात होती. जे आपलंच आहे ते काबीज कसं करतात?

उत्तर वेस्पासियनच्या अडचणीत आहे. हा माणूस सम्राटांच्या घराण्यातला नव्हता. त्याचा बाप करवसुलीच्या धंद्यातला. तो गादीवर आला तो रोमनांनी रोमनांना मारून. ६९ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या आणि वितेल्लियुसच्या माणसांच्या लढाईत रोममध्येच कॅपितोलवरचं ज्युपिटरचं देऊळ जळालं. हा विजय नाण्यावर घालता येत नाही. 'रोम काबीज झालं' असं कोण लिहील? म्हणून परका शत्रू हवा होता आणि तो ७० साली जेरुसलेमच्या रूपाने हाताशी आला. प्रांतातलं बंड मोडलं होतं, नाण्याने ते देश जिंकल्याचं सांगितलं. हे नाणं घडलेली गोष्ट सांगतं, खोटंही बोलत नाही, आणि तरी एका शब्दाने त्या गोष्टीचा प्रकार बदलून टाकतं. वर्तमानपत्रवाल्यांना आणि 'जे नाही तेच' वाल्यांना, दोघांनाही हे पकडता येत नाही.

हे नाणं रोमप्रमाणेच गॉलमधल्या लुग्दुनुमलाही, म्हणजे आजच्या ल्योंलाही, पाडलं गेलं. खुद्द यहूदियातल्या कैसरिया इथे हाच मजकूर ग्रीक भाषेत नाण्यांवर आला. लॅटिन पश्चिमेकडच्यांसाठी, ग्रीक तिथल्या शेजाऱ्यांसाठी. योसेफस बंदिवानांचा आकडा ९७,००० देतो. त्यातली कितीतरी माणसं गुलामांच्या बाजारात गेली. गुलामांची किंमत नाण्यांत मोजली जात होती. झाडाखालच्या बाईचं चित्र असलेलं नाणं आणि तशाच एखाद्या खऱ्या बाईची विक्री एकाच बाजारात होत असेल, हे लक्षात आलं की 'शोकाकुल यहूदिया, उजवीकडे' ही ओळ आम्हाला पूर्वीसारखी सहज वाचता येत नाही.

तेच झाड, पाच वेळा

आता काळात मागेपुढे जाऊ. हे झाड वेस्पासियनने शोधून काढलं का? नाही.

इ.स. ६ नंतर यहूदियात आलेल्या सुरुवातीच्या रोमन अधिकाऱ्यांनी छोटी तांब्याची नाणी पाडली. एका बाजूला धान्याचं कणीस, दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड, त्याला लोंबणारे दोन घड. सम्राटाचा चेहरा नाही, फक्त नाव. इथे झाड म्हणजे सुबत्ता, स्थानिक भावना न दुखावणारं एक निरुपद्रवी चित्र.

६९-७० साली, बंडाच्या चौथ्या वर्षी, वेढ्याच्या तोंडावर असलेल्या जेरुसलेममध्ये बंडखोरांनी ब्राँझची नाणी पाडली. त्यावर सात झावळ्यांचं खजुराचं झाड आणि दोन बाजूंना खजुराच्या टोपल्या. अक्षरं जुन्या हिब्रू लिपीत: सियोनच्या मुक्तीसाठी. त्यानंतर वर्षाभरात वेस्पासियनचं झाड आलं. म्हणजे ज्या झाडाखाली ती बाई बसवली, ते झाड बंडखोरांच्या नाण्यावर आधीच होतं. (आजच्या इस्रायलच्या दहा शेकेलच्या नाण्यावरही हेच झाड, याच दोन टोपल्या आणि हीच अक्षरं आहेत.)

तिसरी खेप ९६ साली. जेरुसलेमचं देऊळ पडल्यावर वेस्पासियनने साऱ्या यहुद्यांवर वर्षाला दोन दिनारांचा कर बसवला. पूर्वी जो पैसा ते आपल्या देवळाला देत, तो आता कॅपितोलच्या ज्युपिटरला. दोमितियनच्या काळात ही वसुली इतकी निर्दय झाली की सुएतोनियस स्वतःच्या तरुणपणातली एक आठवण सांगतो. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे का, हे भर कचेरीत, लोकांसमोर तपासलं गेलं. दोमितियनचा खून झाला, नेर्वा आला आणि त्याच्या नाण्यावर पुन्हा खजुराचं झाड आलं. या वेळी एकटंच. बाई नाही, कैदी नाही, शस्त्रं नाहीत. अक्षरं: फिस्की यूदाइकी कालुम्निया सुब्लाता. यहुदी करखात्यातल्या खोट्या आरोपांचा अन्याय दूर झाला.

हे नाणं बघून पुष्कळजण हळवे होतात. बाई उठून गेली, झाड मोकळं झालं! आम्हालाही तसं वाटलं होतं. पण अक्षरं नीट वाचा. कर दूर झाला असं ती म्हणत नाहीत. 'कालुम्निया', खोटे आरोप, दूर झाले असं म्हणतात. कर पुढेही वसूल होत राहिला. इजिप्तमध्ये सापडलेल्या खापरांवरच्या पावत्या त्याची साक्ष देतात. दिओ सांगतो की नेर्वाने 'यहुदी रीतीने राहतो' असा आरोप करायला बंदी घातली. ज्यांच्यावर हा आरोप व्हायचा त्यांत रोमन नागरिक होते. म्हणजे सुटका झाली ती प्रामुख्याने संशयाखाली आलेल्यांची. दोन दिनार भरणारा भरतच राहिला. झाडाखालून बाई दिसेनाशी झाली, याचा अर्थ ती मुक्त झाली असा लावायला हे नाणं आधार देत नाही. या नाण्याला तिच्याशी काही बोलायचंच नव्हतं, हा अर्थ आम्हाला जास्त पटतो.

चौथी खेप हेड्रियनची. त्याने आपल्या प्रवासांवर नाण्यांची मालिकाच काढली. त्यात एक आहे सम्राटाच्या यहूदियातल्या आगमनाचं. यहूदिया उभी आहे, सम्राटासमोर, मध्ये वेदी. तिच्याजवळ लहान मुलं, मुलांच्या हातात खजुराच्या फांद्या. ही मांडणी इतर प्रांतांच्या आगमनाच्या नाण्यांवरही आहे. मुलं आणि फांद्या हा इथला खास तपशील. रोमन पद्धतीच्या वेदीवर, रोमन पद्धतीने स्वागत करणारी यहूदिया. १३२ साली त्याच यहूदियात बार कोखबाचं बंड झालं.

आणि पाचवी खेप त्या बंडखोरांची. त्यांनी रोमन राज्यातलीच चालती नाणी घेतली आणि त्यांवर आपला ठसा मारला. तांब्याच्या एका नाण्यावर सात झावळ्यांचं खजुराचं झाड, दोन बाजूंना शिमोन हे नाव. दुसरीकडे द्राक्षाचं पान आणि 'जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. त्यांची चांदीची काही नाणी भिंगाखाली धरली तर नव्या ठशाखाली वेस्पासियनचा किंवा त्राजानचा चेहरा अजून दिसतो. कोणाला हे वेस्पासियनला दिलेलं उत्तर वाटेल. आम्ही तेवढं ठामपणे म्हणणार नाही, कारण झाड मुळात त्यांचंच होतं. पण रोमन चेहरा ठशाखाली गाडून त्यावर आपली अक्षरं उमटवणारा माणूस नाण्याची पाठ बघत नव्हता, असं आता जोन्सच्या बाजूनेही कोणी म्हणू नये.

क्रियापद कुठे आहे?

सव्वाशे वर्षांत झाड पाच वेळा आलं. सुबत्ता, मुक्ती, पराभव, 'सुधारणा', स्वागत, पुन्हा मुक्ती. (वेस्पासियनचं धरून हे सहा झाले, बरोबर, कोणीतरी मोजलं.) शब्दकोशात एकच ओळ लागते: 'खजूर म्हणजे यहूदिया.' त्या ओळीने यातलं एकही नाणं उलगडत नाही.

आम्हाला असं वाटतं की पाठीवरचं चित्र बहुधा नाम असतं. वाक्य व्हायला क्रियापद लागतं. खजूर हे नाम. काप्ता, सुब्लाता, 'आगमनानिमित्त', 'स्वातंत्र्यासाठी', ही त्याला जोडलेली कामं. नाणं वाचायचं म्हणजे क्रियापद शोधायचं.

पण इथे अडचण येते. क्रियापद अक्षरांत असेल आणि बहुसंख्य लोक निरक्षर असतील तर? पुन्हा वेस्पासियनचं नाणं बघा. अक्षरं बोटाने झाका. काय उरलं? जमिनीवर बसलेली बाई, हातावर डोकं. उभा पुरुष, शिरस्त्राणावर पाय. हे वाचायला लॅटिन लागत नाही. इथे क्रियापद शरीरात आहे. कोण बसलंय, कोण उभं आहे, पाय कशावर आहे. आता नेर्वाचं नाणं घ्या आणि अक्षरं झाका. उरतं फक्त एक झाड. लॅटिन न येणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

म्हणजे 'लोकांना ही चित्रं कळत होती का?' या जोन्स-सदरलँड वादाला एकच उत्तर असू शकत नाही. पराभव सगळ्यांना कळेल असा काढला गेला. दिलासा मात्र लॅटिन वाचणाऱ्यांपुरता लिहिला गेला. हा फरक मुद्दाम केलेला असो वा नसो, तो नाण्यावर आहे आणि झाकून बघितल्यावर दिसतो. सत्ता कोणाशी मोठ्याने बोलते आणि कोणाशी हळू, हे कळायला आम्हाला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

आणखी एक सावधानता. कॅटलॉगात दुर्मीळ नाण्याला एक ओळ असते आणि लाखोंनी पाडलेल्या नाण्यालाही एकच ओळ. ब्रूटसचे खंजीर आज प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहेत, पण रोमन माणसाच्या हातात रोज येणारं नाणं ते नव्हतं. कार्लोस नोरेन्याने म्हणूनच सापडलेल्या साठ्यांतली नाणी मोजायला घेतली. फ्लर केमर्सने नायमेखेनच्या लष्करी छावणीत कोणत्या पाठीची नाणी पोचली ते तपासलं. सुंदर चित्रावरून अर्थ लावण्याआधी ते किती जणांच्या हातात गेलं हे विचारायलाच हवं.

आपल्याकडे आलेली पाठ

शेवटी एक छोटी गोष्ट, घराजवळची. भारतात रोमन चांदीची नाणी सापडतात, त्यांत दोन प्रकार सगळ्यांत जास्त आहेत. ऑगस्टसचं, ज्याच्या पाठीवर त्याचे नातू गायुस आणि लुकियुस ढाली-भाले घेऊन उभे आहेत. आणि तिबेरियुसचं, ज्याच्या पाठीवर बसलेली स्त्री आहे. या नातवांना वारस म्हणून पुढे आणणं हा ऑगस्टसच्या राजकारणाचा गाभा होता. दोघंही त्याच्या आधी मेले. इथल्या व्यापाऱ्याला त्याचं काय? त्याला चांदी चोख हवी होती आणि ओळखीचा छाप हवा होता. दक्षिणेत सोन्याच्या नाण्यांवर छिन्नीने घाव घातलेले सापडतात, तेही सम्राटाच्या चेहऱ्यावर. आणि आपल्या तेरमध्ये किंवा तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत, गळ्यात घालता येतील अशा. तिथे क्रियापद पार गळून गेलं. नाम उरलं, त्याचंही अलंकार झालं.

यात इथल्या लोकांचं अज्ञान बघू नका. ज्याला उद्देशून वाक्य लिहिलेलंच नाही, त्याने ते वाक्य म्हणून का वाचावं? पण यहूदियातल्या माणसाला ती मोकळीक नव्हती. ते वाक्य त्याच्याबद्दल होतं आणि तेच नाणं देऊन त्याला भाकरी घ्यायची होती.

तर घरी गेल्यावर एक करा. कोणत्याही संग्रहालयाच्या संकेतस्थळावर रोमन नाणं उघडा. वर्णन वाचण्याआधी अक्षरं झाका आणि कोण बसलंय, कोण उभं आहे ते बघा. मग अक्षरं उघडा आणि क्रियापद शोधा. मग विचारा, हे नाणं ज्याच्या हातात गेलं तो या वाक्यात कुठे होता? झाडाखाली, झाडाशेजारी, की वाक्याच्या बाहेर?

पुढच्या व्याख्यानात आपण प्रांतांतल्या शहरांनी स्वतः पाडलेली नाणी बघू. तिथे बोलणारा बदलतो.